दिवे पाच, स्वयंपाकघर एक

शांघायला दक्षिण बंडवर, म्हणजे ह्वांगफू नदीच्या काठी, जुन्या धक्क्यांपाशी, वॉटरहाऊस नावाचं एक हॉटेल 2010 मध्ये सुरू झालं. खोल्या मोजून 19. इमारत 1930च्या दशकातली, एकेकाळी जपानी सैन्याचं मुख्यालय असलेली. लिंडन नेरी आणि रोझाना हू या वास्तुरचनाकार नवरा-बायकोने तिचा गिलावा खरवडून जुन्या विटा आणि काँक्रीट उघडं ठेवलं आणि डोक्यावर गंजक्या रंगाच्या पोलादाची नवी भर घातली. आम्हा इंटिरिअरवाल्यांच्या फोनमध्ये या हॉटेलचे फोटो असतातच. 'रॉ लुक' म्हणजे काय हे ग्राहकाला समजावताना कामी येतात. एक गोष्ट मात्र फोटोत नीट कळत नाही. स्वागतकक्षात उभं राहून मान वर केली की भिंतीत एक उंच खिडकी दिसते, आणि ती चक्क एका पाहुण्याच्या खोलीची असते. खालचा वर डोकावू शकतो, वरचा खाली. व्हरांड्यातल्या खिडक्यांतून जेवणाचं दालन दिसतं. हे मुद्दाम केलेलं आहे. शांघायच्या जुन्या गल्ल्यांत शेजाऱ्याचं घर आपल्या घरात शिरलेलं असतं. आतलं-बाहेरचं, माझं-सगळ्यांचं यांतली रेघ तिथे पुसट असते. तो अनुभव रचनाकारांना हॉटेलात आणायचा होता.

काही वर्षांपूर्वी फर्निचरच्या प्रदर्शनासाठी शांघायला गेलो होतो. आमच्या गटाबरोबर दुभाषी म्हणून एक तिशीतली मुलगी होती, अशाच एका गल्लीत वाढलेली. तिला मी या खिडकीचा फोटो दाखवून रचनाकारांची कल्पना मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी आई जन्मभर त्या खिडकीला पडदा लावत आली."

मला ते हॉटेल आजही आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या एका वाक्यानंतर शांघायच्या नव्या रचनांकडे बघताना एक प्रश्न मनातून जात नाही. जुनी वस्ती 'वाचवली' असं आपण नेमकं कधी म्हणायचं?

उंच इमारतींचा विषय मी इथे सोडून देतो. 632 मीटरचा, वर जाताना पीळ घेत गेलेला शांघाय टॉवर 2015 मध्ये पूर्ण झाला, त्याच्या शेजारी आणखी दोन राक्षस उभे आहेत, आणि 2020-21 पासून चीन सरकारनेच नव्या गगनचुंबी इमारतींच्या उंचीला लगाम घातला आहे. नदीपलीकडून फोटो काढायला ते सगळं छान आहे. पण शांघायकरांचं आयुष्य गेलं ते दोन-तीन मजली गल्ल्यांत.

या गल्ल्यांना तिथे लीलोंग किंवा नोंगथांग म्हणतात आणि त्यांतल्या घरांना शिकुमेन. दगडी चौकट, तिच्यात काळ्या रंगाची लाकडी दारं, आत लहानसं अंगण, त्याभोवती खोल्या. 1860च्या दशकात चिनी बादशाहीविरुद्धच्या थायपिंग बंडाच्या धामधुमीत हजारो लोक परकीयांच्या वसाहतींत आसऱ्याला आले आणि त्यांच्यासाठी भाड्याची घरं म्हणून ही वस्ती रांगेने उठली. घर मुळात एका कुटुंबासाठी. पुढे युद्ध, महागाई, निर्वासितांचे लोंढे. मूळ भाडेकरू स्वतःच छोटा घरमालक झाला, खोल्या पोटभाड्याने देऊ लागला आणि एका दारामागे पाच-सात बिऱ्हाडं झाली. 1949 मध्ये शांघायमध्ये दरडोई राहण्याची जागा 3.9 चौरस मीटर होती. एका पलंगाहून थोडी जास्त! त्यानंतर घरं सरकारच्या ताब्यात आली, भाडं नाममात्र झालं, गर्दी तशीच राहिली.

या घरातली एक खोली मला व्यवसायाच्या नजरेने फार मोलाची वाटते. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, स्वयंपाकघराच्या वर आणि कपडे वाळवायच्या गच्चीच्या खाली, उत्तरेला तोंड करून एक कोंदट खोली असते. थिंगत्झच्येन. साताठ चौरस मीटर, छत हाताला लागेल इतकं. खालून चुलीची धग, वरून तापलेली गच्ची, हिवाळ्यात उत्तरेचा वारा. घरातली सगळ्यांत स्वस्त खोली तीच, म्हणून 1930च्या दशकात गावोगावचे कफल्लक लेखक तिथे राहायचे. 'थिंगत्झच्येनमधले लेखक' असा शब्दच चिनी भाषेत रूढ झाला. आपल्या पोटमाळ्याची ही चुलत बहीण. पोटमाळ्यावर मात्र घरातलीच पोरं झोपायची, इथे परका माणूस भाडं भरून राहायचा.

आणि खाली, सामाईक स्वयंपाकघरात, दिवे. दुभाषी मुलीने मला तिच्या ओळखीच्या एका गल्लीत नेलं, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलं. काजळीने काळी झालेली भिंत, पाच शेगड्या, पाच नळ, प्रत्येक नळावर कुलूपबंद झाकण, आणि छताला पाच बल्ब. पाचही जेमतेम दोन हातांच्या अंतरात. प्रत्येक बल्बची तार ज्याच्या-त्याच्या खोलीत गेलेली, बटण तिथे, मीटर तिथे. वरच्या मजल्यावरची आजी भाजी परतायला खाली आली की आधी आपल्या खोलीतलं बटण दाबून येणार, आणि फक्त तिचाच बल्ब लागणार. उजेड अर्थात सगळ्यांवर पडणार, पण वीज तिची. मी विचारलं, "एकच दिवा लावून बिल वाटून घेतलं तर?" आजींनी मान हलवली. मुलीने भाषांतर केलं नाही, मीही आग्रह धरला नाही. गिरगावात सामाईक नळावरची भांडणं ऐकत मोठा झालेला माणूस मी, मला कशाला भाषांतर लागतंय?

कोणत्याही नामवंत रचनाकाराने इतकी अचूक आतली मांडणी केलेली मी पाहिली नाही. भांडण, काटकसर, शेजारधर्म, तिन्ही त्या पाच तारांत होतं.

आता 2001 मध्ये सुरू झालेल्या शिन्थ्येनदीकडे येऊ. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन जुलै 1921 मध्ये ज्या शिकुमेन घरात भरलं, त्याला लागूनची ही वस्ती. पवित्र स्थळाच्या शेजारी उंच काही बांधता येईना, तेव्हा हाँगकाँगचे विकासक व्हिन्सेंट लो यांनी अमेरिकी वास्तुरचनाकार बेंजामिन वुड यांच्याकडून दोन चौकांतली जुनी घरं नव्याने घडवून घेतली. दर्शनी भिंती, दगडी चौकटी, करड्या विटा ठेवल्या. आतले मजले, जिने, खोल्या काढून टाकल्या. तिथे कॉफीची दुकानं, बार, कपड्यांची महागडी दालनं आली. राहणारी कुटुंबं आधीच हलवलेली होती. धंदा इतका चालला की भोवतालच्या जमिनीचे भाव चढले आणि त्याच विकासकाने पुढे वुहान, छोंगछिंग, फोशान इथे याच तऱ्हेचे 'थ्येनदी' उभे केले. आपल्या गावची जुनी गल्ली अशी करून द्या, अशी मागणी चीनभरच्या महापालिकांकडून येऊ लागली.

शिन्थ्येनदीला नावं ठेवणं सोपं आहे आणि मी थोडा हात आखडता घेणार आहे. तोवर शांघायमध्ये या वस्त्या सरसकट पाडल्या जात होत्या. 1992 मध्ये शहराने शतक संपायच्या आत 36.5 लाख चौरस मीटर मोडकळीची घरं हटवायचं ठरवलं होतं आणि भिंतींवर वर्तुळात 'पाडा' हे अक्षर रंगवण्याचा सपाटा चालला होता. अशा वेळी 'जुन्या विटेलाही भाव येतो' हे बिल्डरला समजेल अशा भाषेत कोणीतरी दाखवणं गरजेचं होतं, आणि ते दाखवलं गेलं. माझी तक्रार त्यानंतरची आहे. दाखला म्हणून जे चाललं असतं, तो नियमच झाला. 'ताब्यात घ्या, पण पाडू नका' असं धोरण आलं. ऐकायला किती शहाणपणाचं! नानचिंग पश्चिम रस्त्यालगतचं चांगयुआन त्याच वाटेने गेलं: घरं रिकामी केली, डागडुजी अतिशय निगुतीने केली, आणि 2022 च्या अखेरीस पश्चिमेकडचा भाग उघडला तो जगातल्या महागड्या ब्रँडांच्या दालनांसह. सुतारकाम, विटांचे सांधे, दारावरची दगडी नक्षी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. माणसं तेवढी नव्हती, म्हणजे तिथली.

याच शहरात एका दुसऱ्या प्रकारच्या पुनर्वापराला मी मनापासून दाद देतो. ह्वांगफू नदीकाठी कोळशाचा धक्का होता. बोटींतून आलेला कोळसा उतरवायचा 1950च्या दशकातला, सुमारे 110 मीटर लांबीचा काँक्रीटचा सांगाडा तिथे उभा होता. ल्यू यीछुन यांच्या अतलिये देशाउस या संस्थेने तो मध्ये तसाच ठेवून दोन्ही अंगांना छत्रीसारख्या काँक्रीटच्या कमानी वाढवल्या आणि 2014 मध्ये तिथे लाँग म्युझियम झालं. नानशी वीजकेंद्राचं 2012 मध्ये सरकारी समकालीन कला संग्रहालय झालं, 165 मीटरच्या धुराड्यासकट. लोंगह्वा विमानतळाच्या इंधनाच्या पाच टाक्यांचं 2019 मध्ये कलाकेंद्र झालं. त्याआधी, 2017 च्या अखेरीपर्यंत, नदीकाठचा 45 किलोमीटरचा पट्टा लोकांना फिरायला खुला झाला. हे फार मोठं काम आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोदीच्या भिंतीपलीकडे समुद्र आहे हे विश्वासावर मानून जगणाऱ्याला तर हेवाच वाटेल.

इथे माझी तक्रार का नाही? कारण कोळशाच्या सांगाड्यात कोणी राहत नव्हतं. त्याचं काम संपलं होतं, आणि रचनाकारांनी तो कोळशाचाच सांगाडा आहे हे लपवलं नाही. कामगार होते, हे खरं. जानेवारी 1998 मध्ये शांघायच्या गिरणीतल्या चात्या घणाने फोडून चीनच्या कापडधंद्यातली मोठी कपात सुरू झाली आणि लाखो गिरणी कामगार घरी बसले. गिरणगावातल्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको. पण तो अन्याय रचनाकाराच्या टेबलावर झालेला नव्हता. वस्तीचं तसं नाही. वस्ती रिकामी करणं ही तिथे रचनेची पहिली अट असते. नकाशावरची पहिली रेघ माणसं गेल्यावर ओढली जाते.

दुभाषी मुलीचं म्हणणं मात्र माझ्याविरुद्ध जातं, आणि ते टाळून पुढे जाणं लबाडी होईल. त्या घरांत संडास नव्हते. लाकडी माथोंग, म्हणजे झाकणाचं डबडं, रात्रभर खोलीच्या कोपऱ्यात असायचं आणि पहाटे नेऊन ओतायचं. शांघायमधल्या शेवटच्या काही हजार घरांतली ही पद्धत बंद करायला अगदी अलीकडची वर्षं उजाडावी लागली. शाळेत जायच्या आधी ते काम कोणाकडे असायचं, हे मी तिला विचारलं नाही, तिनेच सांगितलं: तिच्याकडे. घर सरकारने घेतलं तेव्हा आई-वडिलांना लांब उपनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर, एकच बल्ब. आई पहिल्या दिवशी तासभर न्हाणीघरातून बाहेर आली नाही म्हणे. भरपाईच्या आशेने 'आमच्या भिंतीवर ते अक्षर कधी रंगवणार?' म्हणून वाट पाहणारी कुटुंबं शांघायमध्ये हजारोंनी होती. जुलै 2022 मध्ये शहराने सलग पसरलेल्या जुन्या वस्त्यांचं तीस वर्षं चाललेलं काम संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा शेवटी निघालेल्यांपैकी सगळे काही रडत निघाले नाहीत.

तेव्हा 'गरिबांना त्यांच्या रम्य गल्लीत राहू द्या' असं माझं म्हणणं नाही. ज्याने रात्री डबडं वापरलेलं नाही त्याने त्या गल्लीला रम्य म्हणू नये. मला विचारायचं ते एवढंच, की संडास देण्यासाठी माणसाला वीस-तीस किलोमीटर दूर का न्यावं लागलं? तेवढ्याच भिंतींत पुढे वातानुकूलन बसलं, लिफ्ट बसली, एस्प्रेसोच्या यंत्राला पाणी आणि निचरा मिळाला. सांडपाण्याची नळी बसवणं अशक्य होतं असं कोण म्हणेल?

अशक्य नव्हतं, याचा पुरावा त्याच शहरात आहे. हाँगखौ भागातल्या छुनयांग ली या शंभरेक वर्षांच्या वस्तीत 2016-17 पासून वेगळा प्रयोग झाला. बाहेरचं रूप, चौकटी, छपराची ठेवण राखली. आतलं मोकळं करून नव्याने बांधलं. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि संडास दिला. आणि काही काळ बाहेर राहिलेली माणसं परत आपापल्या दारी राहायला आली. ह्वांगफू भागातल्या छंगशिंग लीमध्ये आणखी एक व्यवहारी युक्ती केली. ज्यांना जायचं होतं त्या काही कुटुंबांना मोबदला देऊन जाऊ दिलं आणि त्यांची मोकळी झालेली जागा राहिलेल्यांच्या संडास-स्वयंपाकघराला वापरली. फोटोत या वस्त्या फारशा देखण्या दिसत नाहीत. बांबूवर गाद्या वाळत असतात, दारात सायकली असतात. त्यांना पुरस्कार मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकेका कुटुंबाशी बोलून, कोणाला चार इंच कमी, कोणाला खिडकी जास्त, असं करत एवढ्याशा घरात संडासाचा पाइप कुठून न्यायचा हे ठरवणं म्हणजे किती डोकेफोड, हे ज्याने वन-आरकेत मॉड्युलर किचन बसवलंय त्याला विचारा. माझ्या मते शांघायमधलं अलीकडचं सगळ्यांत अवघड इंटिरिअर तेच. पण असे प्रयोग मोजके, आणि रिकाम्या करून सजवलेल्या वस्त्या कितीतरी.

आपल्याकडे शांघायचं नाव निघालं की गाडी उड्डाणपुलांवर जाते. 2004 च्या सुमारास विलासराव देशमुख आणि मनमोहन सिंग दोघांनीही मुंबईचं शांघाय करण्याची भाषा केली होती आणि त्यावर विनोदही भरपूर झाले. गंमत अशी, की दोन शहरांचं नातं त्याहून फार जुनं. ससून डॉकवाल्या ससून घराण्यातले व्हिक्टर ससून यांनी मुंबईच्या गिरण्यांत वाढलेला पैसा शांघायला नेला आणि बंडवर 1929 मध्ये कॅथे हॉटेल बांधलं, आजचं पीस हॉटेल. त्यात निरनिराळ्या देशांच्या नावाने सजवलेले शाही कक्ष होते, त्यांत एक 'इंडियन' कक्षही. म्हणजे दुसऱ्याच्या घराचं नेपथ्य उभारून पाहुण्याला भाड्याने देणं शांघायला नवीन नाही, आणि त्यात मुंबईच्या कामगाराचा घामही मुरलेला आहे.

चाळींचं आपण नेमकं उलट केलंय. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला त्याच जागी 500 चौरस फुटांचा फ्लॅट. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. माणूस त्याच पत्त्यावर राहिला, चाळ गेली. व्हरांडा गेला, जिन्यातल्या गप्पा लिफ्टच्या दाराशी संपल्या. शांघायमध्ये चाळ राहिली, माणूस गेला. दोन्हींतलं एकच निवडायची वेळ आली तर मी वरळी निवडेन, बिनशर्त. भाडेकरूंच्या संघटना, मतं, मोर्चे, कोर्ट, त्या सगळ्या कटकटीतून मिळालेली ती गोष्ट आहे, आणि शांघायच्या कुठल्याही सुबक गल्लीपेक्षा मला तिची किंमत जास्त वाटते. पण एकच निवडावं लागतं हे मला पटत नाही, आणि छुनयांग ली बघून आल्यापासून तर अजिबात नाही. एखाद्या तरी चाळीचा व्हरांडा ठेवून आत संडास देऊन बघायला काय हरकत होती?

हे सगळं मी तटस्थपणे लिहू शकत नाही. परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात मागे एका ग्राहकाला 'चाळ थीम'चं रेस्टॉरंट हवं होतं. लाकडी कठडा, तुळशीवृंदावन, दोरीवर वाळत घातलेली नऊवारी. मीच करून दिलं. कठड्याचे गज एका पाडलेल्या चाळीतून भंगारवाल्याकडून घेतले, पॉलिश काढून मुद्दाम जुनाट दिसतील असे ठेवले. छताला पाच उघडे बल्ब टांगायची कल्पनाही माझीच, शांघायहून आणलेली. ग्राहकाला फार आवडली. विजेचं काम करणारा लालबागचा म्हातारा होता. त्याने विचारलं, पाच बटणं लावू का? मी म्हटलं, "नाही, एकावरच घ्या सगळे."